अर्धं भिंग

जर्मनीतल्या बाड क्रॉइत्सनाखच्या श्नायडर कंपनीची जुनी सिमार लेन्स हातात आली, की आधी तिच्या कड्यावरचे आकडे वाचावेत. माझ्याकडच्या लेन्सवर पांढऱ्या अक्षरांत ५.६/२१० असं कोरलेलं आहे आणि सोबत हिरव्या अक्षरांत १२/३७०. म्हणजे लेन्स अख्खी वापरली तर ती २१० मिलिमीटरची. पुढचं भिंग आटे फिरवून काढलं, खिशात टाकलं आणि नुसत्या मागच्या भिंगावर काम केलं, तर तीच ३७० मिलिमीटरची होते. छिद्राचे आकडेही दोन रांगांत आहेत, एक पांढरी, एक हिरवी. अशा लेन्सना कन्व्हर्टिबल म्हणतात. चार बाय पाच किंवा आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवर काम करणाऱ्या मंडळींत तिच्याबद्दलचं मत ठरून गेलेलं आहे: अख्खी उत्तम, अर्धी जेमतेम. त्यामुळे बहुतेक जण हिरव्या आकड्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. जे पाहतात, ते अर्ध्या भिंगाच्या मऊपणावर भाळून. मला दोन्ही पटत नाही. माणसाचा चेहरा टिपायचा असेल, तर ही लेन्स हिरव्या आकड्यांसाठीच घ्यावी. मात्र मऊपणासाठी घेऊ नये.

हे मत पक्कं झालं ते डहीत. धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं हे तालुक्याचं गाव. जवळचं मोठं गाव कुक्षी, पश्चिमेला आलिराजपूर, दक्षिणेला नर्मदा. नदीपलीकडे बडवानी आणि सातपुडा ओलांडला की खानदेश. वस्ती मुख्यतः भिल्ल-भिलालांची. एरवी सुस्तावलेलं गाव हाटाच्या दिवशी भरून वाहतं आणि होळीआधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट लागले की या सगळ्या पट्ट्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. भगोरिया आता जगभरच्या कॅमेरेवाल्यांचं आवडतं ठिकाण झालं आहे. लांबलचक झूम लेन्स लावून, रस्त्याच्या पलीकडूनच, एकसारखे कपडे घातलेल्या पोरींचे फोटो घेतले जातात. ज्यांचे घेतले जातात त्यांना ते बहुधा कधीच दिसत नाहीत. मी तिथे लाकडी तिपाईवर मोठा कॅमेरा मांडून, काळ्या कापडाखाली डोकं घालून उभा राहतो. मला लपायची सोयच नाही, आणि ते एका परीने बरंच.

या भागातल्या चेहऱ्यांचे फोटो काही काल-परवा निघायला लागलेले नाहीत. १८५७ च्या धामधुमीनंतर कलकत्त्याच्या सरकारला आपली रयत डोळ्यांनी पाहून ठेवायची निकड वाटू लागली. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगच्या पुढाकाराने देशभरातल्या जातीजमातींचे फोटो गोळा करण्याचं काम निघालं. त्यातूनच पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड प्रसिद्ध झाले. मध्य भारताची कामगिरी बंगाल तोफखान्यातल्या जेम्स वॉटरहाउस या लेफ्टनंटवर आली. त्याचा जन्म १८४२ चा, म्हणजे १८६१-६२ मध्ये मध्य भारतातल्या संस्थानांतून कॅमेरा घेऊन हिंडताना त्याचं वय एकोणीस-वीस. भोपाळच्या सिकंदर बेगमपासून ते डोंगरातल्या भिल्लांपर्यंत सगळे त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसले. बेगम आपल्या मर्जीने बसल्या. भिल्लांना मर्जी विचारली गेली असेल, असं त्या फोटोंतल्या नजरा पाहून वाटत नाही.

वॉटरहाउसचं काम ओल्या कोलोडियनवरचं. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत तंबूत नेऊन डेव्हलप करायची. माळव्यातल्या मे महिन्यात हे कसं जमवलं असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. पण खरी अडचण उन्हाची नव्हती. कोलोडियनला निळा प्रकाश तेवढा कळतो. सावळ्या, गव्हाळ कातडीवरून येणारा तांबूस-पिवळा प्रकाश त्याच्या लेखी जवळजवळ अंधारच. त्यामुळे भिल्लाचा चेहरा असेल त्याहून काळा उतरायचा, सुरकुती असेल त्याहून खोल दिसायची. पुढे हाच वॉटरहाउस कलकत्त्याला सर्व्हेच्या फोटोग्राफी विभागाचा प्रमुख झाला आणि १८७५ मध्ये त्याने इओसिन नावाच्या रंगाचा उपयोग शोधून काढला. फोटोच्या रसायनात हा रंग मिसळला की त्याला हिरवा-पिवळा प्रकाशही कळू लागतो. सावळ्या चेहऱ्यांच्या वाटेला आलेला अन्याय निदान काही अंशी दूर करणारा शोध, आणि तो ज्याच्या हातून लागला त्याने उमेदवारी केली ती आमच्या भागात. त्या दोन गोष्टींचा संबंध त्याच्या मनात होता का, हे मला सांगता येणार नाही. जुन्या लेन्सच्या नळीत फटीतून सरकवायच्या पितळी पट्ट्यांना वॉटरहाउस स्टॉप म्हणतात, तो वॉटरहाउस मात्र हा नव्हे. तो हॅलिफॅक्सचा जॉन वॉटरहाउस, आणि त्याची युक्ती १८५८ ची. पुस्तकांतसुद्धा या दोघांची गल्लत झालेली मी पाहिली आहे.

लष्करी फोटोंनंतर आले दरबारी फोटो. लाला दीनदयाळ हे इंदूरच्या रेसिडेन्सीत सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढणारे नोकरदार. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती धरला, सर हेन्री डॅली या ब्रिटिश सरकारच्या एजंटाने त्यांना उत्तेजन दिलं आणि बघता बघता ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास जनान्यासाठी स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. इकडे महूच्या छावणीत हर्झॉग अँड हिगिन्स हा स्टुडिओ १८९० च्या दशकात उभा राहिला. १९०३ च्या दिल्ली दरबाराचे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. धारचे पवार, देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे पवार, इंदूरचे होळकर, सगळे महूपासून दिवसभराच्या अंतरात. त्यातही देवासात तर एकाच गावात दोन गाद्या, दोन दरबार. फोटोवाल्याला याहून सोयीचं गाव मिळायचं नाही. रतलामला बाबूलाल वरुवळकरांकडे दादासाहेब फाळके तिरंगी ब्लॉक करायला आणि डार्करूमचं काम शिकायला आले होते, तेही याच काळात. फाळक्यांनी पुढे बडोद्यात फोटोचा धंदा काढला, तेव्हा कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी होतं अशी आवई उठून तो बसला, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं.

आता लेन्सकडे वळू. एकाच नळीतून दोन-तीन लेन्सचं काम काढायची कल्पना फोटोग्राफीच्या जन्माबरोबरची आहे. १८४० मध्ये पॅरिसच्या शार्ल शेव्हालियेने भिंगं अदलाबदल करून कधी निसर्गदृश्यासाठी, कधी चेहऱ्यासाठी वापरता येईल अशी लेन्स केली. त्याच साली व्हिएन्नाच्या योझेफ पेट्झव्हालने गणित मांडून फक्त चेहऱ्यासाठी लेन्स केली. तिचं छिद्र एफ/३.६ च्या आसपास, म्हणजे त्या काळाच्या मानाने अफाट मोठं. पॅरिसच्या स्पर्धेत शेव्हालियेला प्लॅटिनमचं पदक मिळालं आणि पेट्झव्हालच्या लेन्सला रुपेरी. धंद्याने मात्र निकाल उलटा दिला. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या स्टुडिओंत चेहरे टिपले गेले ते पेट्झव्हालच्याच नमुन्यावर. पदकांचं हे असंच असतं.

मग १८६६. लंडनमध्ये डॅलमायरने रॅपिड रेक्टिलिनिअर आणि म्युनिकमध्ये श्टाइनहाइलने अप्लानाट, अशा जवळजवळ एकसारख्या लेन्स एकाच वर्षी बाजारात आणल्या. दोन सारखी भिंगं, मधोमध छिद्र. एक भिंग काढलं की फोकल लेंग्थ दुप्पट, उजेड चौथाई. ब्रिटिश बनावटीच्या लाकडी कॅमेऱ्यांवर या लेन्स सर्रास असायच्या आणि म्हणून आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंच्या कपाटांत आजही त्याच सापडतात. १८९२ मध्ये बर्लिनच्या ग्योर्झने एमिल फॉन ह्योखची डागोर काढली, तिचीही अर्धी बाजू वापरता येते. झाइसने प्रोटारचे संच विकले: पेटीत तीन भिंगं, तिन्ही वेगळ्या ताकदीची. एकेकटी वापरा, नाहीतर जोडीने, म्हणजे तीन भिंगांत सहा लेन्स. अमेरिकेत टर्नर-राइखची तिहेरी लेन्स एडवर्ड वेस्टनच्या आठ बाय दहाच्या कॅमेऱ्यावर होती. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा आन्सेल अॅडम्सचा १९४१ चा फोटो कुकच्या तिहेरी लेन्सचं अर्धं भिंग वापरून घेतलेला आहे. सिमार ही या घराण्यातली शेवटची मोठी लेन्स. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला श्नायडरने नवी सिमार-एस काढली, तिच्यावर हिरवे आकडे नाहीत. तोवर वेगळी लेन्स विकत घेणं परवडू लागलं होतं आणि गिऱ्हाइकाला अर्ध्या भिंगाची तडजोड नको होती. एकविसाव्या शतकात कुकने हौशी मंडळींसाठी तिहेरी लेन्स पुन्हा बनवली, पण ती हौसेचीच.

चेहऱ्याचा आणि या सगळ्याचा संबंध कुठे येतो, तर अंतरात. थोडं गणित करू. चार बाय पाचच्या निगेटिव्हवर डोक्यापासून छातीपर्यंतचा माणूस बसवायचा, म्हणजे समोरची सुमारे ५० सेंटिमीटर उंची निगेटिव्हच्या १२ सेंटिमीटरमध्ये आणायची. २१० मिलिमीटरच्या लेन्सने हे करायला माणसापासून एक मीटर आठ सेंटिमीटरवर जावं लागतं. अर्ध्या भिंगाने, ३७० वर, तेच माप एक मीटर नव्वद सेंटिमीटरवरून मिळतं. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत १२ सेंटिमीटर धरा. जवळच्या फोटोत कानाच्या तुलनेत नाक ११ टक्क्यांनी मोठं उतरतं, लांबच्या फोटोत सहा टक्क्यांनी. हा फरक भिंगाच्या गुणाचा नाही, उभं राहायच्या जागेचा आहे. कुठलीही लेन्स लावा, एक मीटरवरून नाक तेवढंच दिसणार. लांब लेन्स एवढंच करते, की मागे सरकलात तरी चेहरा निगेटिव्हभर राहतो.

धारला स्थायिक झालेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके, ज्यांनी गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा केला, त्यांच्यासारख्याला हा प्रश्न पडत नाही. शिल्पकार चेहऱ्याभोवती फिरतो, जवळ जातो, लांब जातो आणि सगळी अंतरं मिळून एक चेहरा घडवतो. कॅमेऱ्याला एकच अंतर मिळतं. ते चुकलं की पुढे काही करता येत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी गणितात बसत नाही. एक मीटरवर लाकडी खोका, त्याच्या टोकाला काचेचा डोळा आणि मागे काळं कापड पांघरलेला माणूस हे एखाद्या म्हातारीच्या तोंडासमोर आणून ठेवा. ती मागे झुकते. खांदे वर येतात, हनुवटी आत जाते, ओठ आवळले जातात. हे मी डहीत एका दुकानाच्या ओसरीवर पाहिलं. नातवाला घेऊन हाटाला आलेली बाई, गळ्यात चांदीची हासळी, हातांत जाड कडी. फोटो काढायला ती आपण होऊन तयार झाली होती. नातवानेच आग्रह धरला होता. मी अख्खी लेन्स लावून जवळ उभा होतो आणि घासलेल्या काचेवर उलटी दिसणारी ती प्रत्येक क्षणी मागे मागे जात होती. मी कॅमेऱ्यातून बाहेर आलो, पुढचं भिंग फिरवून काढलं, तिपाई उचलून मागे नेली आणि भाता ओढून लांब केला. तिने विचारलं, काच का काढली? मी म्हटलं, “माँ, इसके बिना भी दिखता है.” ती हसली, नातवाकडे वळली आणि त्याला भिलालीत काही तरी सांगायला लागली. खांदे खाली आले. दोन मीटरवरच्या खोक्याची तिला आता फारशी पर्वा नव्हती.

त्या ओसरीवर काम कसं झालं, ते नीट सांगतो. अर्ध्या भिंगाची करामत इतकी सोपी असती, तर लोकांनी ती सोडली नसती.

पहिलं म्हणजे भाता. ३७० मिलिमीटरचं भिंग आणि इतक्या जवळचा चेहरा, म्हणजे भिंगापासून फिल्मपर्यंत ४६ सेंटिमीटर लागतात. त्यात सिमारचं मागचं भिंग छिद्राच्या मागे असतं, त्यामुळे प्रत्यक्षात भाता त्याहूनही थोडा जास्त ओढावा लागतो. घडी करून खांद्यावर टाकता येणारे बरेचसे कॅमेरे ३० सेंटिमीटरच्या आसपास दम तोडतात. जुने स्टुडिओवाले कॅमेरे, ज्यांना डबल एक्स्टेन्शन म्हणत, ते इथे बाजी मारतात. केरळातल्या अलेप्पीला करुणाकरन यांनी १९४० च्या दशकापासून वागीश्वरी नावाचे लाकूड-पितळेचे फील्ड कॅमेरे बनवले, ते देशभर गेले. असा एखादा सापडला, तर सोडू नका.

दुसरं उजेड. एफ/५.६ वर घासलेल्या काचेवर जेवढं दिसतं, त्याच्या एक पंचमांश एफ/१२ वर दिसतं. ओसरीच्या सावलीत ते जवळपास चाचपडणंच. शिवाय अर्ध्या भिंगाची एक खोड आहे: छिद्र बारीक केलं की फोकस सरकतो. उघड्या छिद्रावर पापणीवर बसवलेला फोकस बारीक छिद्रावर कानशिलाकडे निघून जातो. म्हणून ज्या छिद्रावर फोटो घ्यायचा, त्याच छिद्रावर भिंगकाच लावून फोकस करायचा, मग काच कितीही काळोखी दिसो. आणि भाता लांब झाल्यामुळे उजेड आणखी दीडपटीने कमी होतो, तो हिशेब वेगळा. एफ/२२ ला माझं शटर पाव सेकंद उघडं होतं.

पाव सेकंद माणूस स्थिर राहतो, पण फोकस करून, शटर बंद करून, फिल्मचा होल्डर सरकवून, त्याची पट्टी ओढेपर्यंत तो पुढे-मागे झालेला असतो. एफ/२२ ला या मापाच्या फोटोत स्पष्टतेची पट्टी साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतही पुरत नाही. मागे सरकल्याने ती वाढत नाही. चेहऱ्याचं माप तेच असेल, तर अंतर कितीही असो, ती तेवढीच राहते. जुन्या स्टुडिओंत मान धरून ठेवायला मागून लोखंडी आधार लावत. मी दोरी वापरतो. दोरीचं एक टोक कॅमेऱ्याला बांधलेलं, दुसऱ्या टोकाला गाठ. फोकस झाला की गाठ हनुवटीला लागते का पाहायची, आणि शटर दाबायच्या आधी पुन्हा एकदा. बाईच्या नातवाला ही गाठ धरायचं काम दिलं. ते त्याने अशा गांभीर्याने केलं, की त्याचाही फोटो घ्यावा लागला.

फिल्मचं म्हणाल, तर परदेशातून मागवलेल्या चार बाय पाचच्या फिल्मची किंमत ऐकून हाटात फोटो काढायची हिंमत होत नाही. मी एक्स-रे फिल्म वापरतो, हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असलेली. ती लाल दिव्याच्या उजेडात हाताळता येते. आठ बाय दहाच्या एका तावाचे चार तुकडे करायचे, आणि होल्डरमध्ये बसावेत म्हणून प्रत्येकाची कड दीडेक मिलिमीटर कापायची. फिल्मच्या दोन्ही बाजूंना थर असतो, त्यामुळे नखाचा स्पर्शही ओरखडा उठवतो. ट्रेमध्ये तळाला काचेचा तुकडा टाकला, तर ओरखडे कमी होतात. दवाखान्यांत एक्स-रे आता थेट पडद्यावर यायला लागले आहेत, तेव्हा ही फिल्म किती वर्षं मिळेल हा प्रश्नच आहे. तिचा मोठा दोष, लाल प्रकाश तिला कळत नाही. सावळा चेहरा थोडा अधिक सावळा होतो, ओठ काळपट. म्हणजे वॉटरहाउसच्या अर्ध्या वाटेवर मी अजून उभा आहे: इओसिनच्या अलीकडे नाही, पण पुऱ्या रंगांच्या फिल्मपर्यंतही पोचलेलो नाही. मी एक्सपोजर थोडं सढळ देतो आणि फिल्म सौम्य डेव्हलपरमध्ये घालतो, म्हणजे चेहऱ्यावरची सावली बुजत नाही.

आता मऊपणाबद्दल. अर्ध्या भिंगात दोष उघडे पडतात. अख्ख्या लेन्समध्ये पुढचं भिंग आणि मागचं भिंग एकमेकांचे दोष झाकतात. एक काढलं, की दुसऱ्याचे उरतात. उघड्या छिद्रावर कडा विरघळतात, उजळ जागांभोवती हलकी आभा येते, निगेटिव्हच्या कोपऱ्यांत उजळ ठिपके शेपटीसारखे ओढले जातात. एफ/२२ च्या पुढे बरंचसं निवळतं. पिवळा फिल्टर लावला तर रंगांच्या दोषातून येणारा धूसरपणाही कमी होतो. पूर्वीच्या स्टुडिओवाल्यांना हा दोष सोयीचा होता. निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं घासून घालवणारा रिटचिंगवाला महाग पडायचा. भिंगच ते काम करत असेल, तर पैसे वाचले. आज या मऊपणाला मोठं काव्यमय स्थान मिळालं आहे. हौशी लोक एफ/१२ वर, उघड्या छिद्राने चेहरे टिपतात आणि त्या धुक्याला आत्म्याचं दर्शन वगैरे म्हणतात. डहीच्या म्हातारीच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ उन्हातून, शेतातून, बाळंतपणातून आलेली आहे. ती धुक्यात घालवणं म्हणजे रिटचिंगच, फक्त पेन्सिल वाचली. मला ते मान्य नाही. भगोरियातले पलीकडून टिपलेले फोटो आणि हे धुक्यातले फोटो यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत समोरचा माणूस नकोसा आहे.

त्यामुळे अर्धं भिंग वापरावं ते छिद्र बारीक करून. मऊपणा घालवावा, अंतर ठेवावं. दोन मीटरवरून बोलणारा माणूस ओरडत नाही आणि कुजबुजतही नाही. आपल्याकडे ओसरीवर बसलेल्या अनोळखी पाहुण्याशी आपण साधारण एवढ्याच अंतरावरून बोलतो. त्या अंतरावर चेहऱ्याचे अवयव आपापल्या जागी राहतात आणि माणूसही.

बाईला पुढच्या हाटाला प्रिंट दिली. निगेटिव्ह कागदावर ठेवून काढलेली, मोठी न केलेली, चार बाय पाचचीच. तिने हासळीवरचे बारीक मणी बोटाने मोजले, मग फोटोतल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ही आपली सासू वाटते म्हणाली. नातवाला त्याचा फोटो जास्त आवडला. तो एफ/१६ ला घेतलेला होता आणि त्यात कान थोडे विरघळले आहेत. मी काही बोललो नाही.

कोणाला अशी लेन्स घ्यायची असेल, तर मुंबईच्या चोरबाजारात नाहीतर एखाद्या बंद स्टुडिओच्या कपाटात शोधावी. दोन्ही भिंगं एकाच लेन्सची आहेत ना हे नंबर पडताळून बघावं, कारण जुन्या बाजारात जोड्या मोडलेल्या असतात. प्रकाशासमोर धरून जाळं दिसतं का पाहावं. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या काचेवर बुरशी धरते आणि ती काचेवर कोरली गेली असेल तर पुसून जात नाही. टर्नर-राइखसारख्या लेन्समध्ये प्रत्येक बाजूला पाच काचा कॅनडा बाल्समने चिकटवलेल्या असतात. तो सुटला की काठाला चमकदार डाग दिसतो. छोटा असेल तर फोटोवर फरक पडत नाही, विकणाऱ्याला मात्र भाव कमी करायला लावता येतो. शटर जलद गतीला अडखळत असेल, तरी हरकत नाही. आपल्याला पाव सेकंदाच्या जवळपासचंच काम आहे, आणि नाही जमलं तर टोपी काढून हाताने मोजता येतं, जुने लोक तेच करत.

शेवटी एक विनंती. धार, देवास, कुक्षी, महू, बडवानी, खाली शहादा-तळोद्याकडे, ज्यांच्या घरात आजोबांचा किंवा पणजोबांचा बंद पडलेला फोटो स्टुडिओ आहे, त्यांनी दिवाळीची साफसफाई करताना थोडं थांबावं. निसरपूरसारखी गावं सरदार सरोवराच्या पाण्यात गेली, तेव्हा लोकांनी भिंतींवरचे फोटो बरोबर नेले. ते ज्या निगेटिव्हवरून निघाले, त्या मात्र बहुधा कोणाच्या लक्षातही आल्या नाहीत. लेन्सच्या कड्यावर दोन आकडे असतील, तर तिचं पुढचं भिंग वेगळं करून पितळेच्या भावाने विकू नका. काचेच्या प्लेट भंगारवाल्याला देऊ नका. एकेक प्लेट साध्या कागदात गुंडाळून, लांब बाजूवर उभी, कोरड्या जागी ठेवा. आणि घरातलं कोणी जुनं माणूस अजून सांगू शकत असेल, तर फोटो कोणाचा आहे ते त्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा.